ब्राउझर बिघडला? पुसण्याआधी दोषाचे ठिकाण शोधा

घरच्या संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडेनासे झाले, की पहिला संशय ब्राउझरवर घेतला जातो. तो काढून पुन्हा बसवणे, साठलेली सर्व माहिती पुसून टाकणे, प्रसंगी संपूर्ण विंडोज नव्याने घालणे असे उपाय घाईने योजले जातात. या घाईत जतन केलेले पासवर्ड आणि बुकमार्क मात्र कायमचे गमावण्याची शक्यता असते. वास्तविक ब्राउझर हा दूरच्या सर्व्हरकडून आलेला मजकूर पडद्यावर मांडणारा एक प्रोग्रॅम आहे. दोष त्याच्यात असू शकतो, तसाच त्याच्या बाहेरही. म्हणून काहीही पुसण्याआधी दोषाचे ठिकाण निश्चित करणे, हा दुरुस्तीचा पहिला नियम होय.

जोडणीची परीक्षा

एकच संकेतस्थळ बंद आहे की सर्वच, हे प्रथम पाहावे. एकच बंद असल्यास ते मोबाइलवर उघडून पाहावे. मात्र त्या वेळी मोबाइलचे वायफाय बंद ठेवून त्याचा स्वतःचा डेटा वापरावा. तेथेही ते उघडत नसेल, तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाचाच असतो. सर्वच संकेतस्थळे बंद असल्यास राउटरची वीज अर्धा मिनिट बंद करून पुन्हा सुरू करावी. कधी कारण याहून दूरचे असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर शहराच्या अनेक भागांचा वीजपुरवठा खंडित झाला होता. जून २०२३ मध्ये शहरातील तणावाच्या काळात प्रशासनाच्या आदेशाने इंटरनेट सेवा काही काळ स्थगित करण्यात आली होती. अशा वेळी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये फेरफार करून काहीही साध्य होत नाही.

घड्याळाचा घोळ

‘तुमची जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा एकाच वेळी अनेक संकेतस्थळांवर दिसू लागला, तर संगणकाची तारीख तपासावी. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाला ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र दिलेले असते आणि ब्राउझर ती मुदत संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी क्षीण झाल्यास संगणक बंद करताच घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग निर्दोष प्रमाणपत्रही अवैध ठरते. तारीख, वेळ आणि भारतीय प्रमाणवेळेचा विभाग दुरुस्त केल्यास इशारा नाहीसा होतो. तोच दोष पुनःपुन्हा उद्भवल्यास बॅटरी बदलून घ्यावी. तारीख बरोबर असूनही बँकेच्या पानावर असा इशारा आला, तर तो डावलून पुढे जाऊ नये.

खासगी खिडकीचा उपयोग

क्रोम व एज या ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकत्र दाबल्यास खासगी खिडकी उघडते. फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी ही कळ वापरतात. या खिडकीत पूर्वी साठलेल्या कुकीज वापरल्या जात नाहीत आणि एक्स्टेन्शनही सहसा बंद असतात. अडलेले पान येथे नीट उघडले, तर दोष कुकीजमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे, असे समजावे. एक्स्टेन्शन एकेक करून बंद करावीत. त्यानेही भागले नाही, तर केवळ त्या संकेतस्थळाच्या कुकीज काढाव्यात. पानाची जुनीच प्रत दिसत असल्यास कंट्रोल आणि एफ-५ दाबून ते नव्याने मागवता येते. साठलेली चित्रे व फायली पुसण्यात धोका नाही. कुकीज पुसल्यास संकेतस्थळांवर पुन्हा लॉगिन करावे लागते. पासवर्डचा पर्याय दिसल्यास त्यावरील खूण मात्र काढून ठेवावी.

अर्ज आणि शुल्क

परीक्षेचा, शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा अर्ज भरताना बटण दाबूनही पुढचे पान येत नसेल, तर पॉप-अप रोखण्याची सोय आड येत आहे का, ते पाहावे. अनेक ठिकाणी पावती अथवा शुल्क भरण्याचे पान नव्या खिडकीत उघडते. तेवढ्या संकेतस्थळापुरती परवानगी दिल्यास अडथळा दूर होतो. शुल्क भरताना पान मध्येच थांबल्यास ते लगेच पुन्हा भरू नये. आधी खात्यातून रक्कम गेली आहे का आणि अर्जाच्या स्थितीत तिची नोंद झाली आहे का, हे तपासावे.

जुनी प्रणाली

विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची अखेरची आवृत्ती १०९ ही होती. फेब्रुवारी २०२३ पासूनच्या आवृत्त्यांना किमान विंडोज १० लागते. इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार विंडोज १० वर १५ जून २०२२ रोजी संपला, तर खुद्द विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. अशा जुन्या संगणकावर काही संकेतस्थळे अर्धवट दिसली, तर तो बिघाड नव्हे, कालबाह्यता होय. त्यावर बँकेचे व्यवहार टाळावेत.

मराठी अक्षरांचे कोडे

मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर देवनागरी फॉन्टचा अभाव आहे. शिरावर चिन्ह असलेले रोमन ‘ए’ अक्षर वारंवार दिसत असेल, तर युनिकोड मजकूर चुकीच्या संकेतप्रणालीने वाचला जात आहे. फायरफॉक्समध्ये ही संकेतप्रणाली दुरुस्त करण्याची सोय आहे.

तिसरा प्रकार जुन्या पानांचा. २००० नंतरच्या दशकात अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचे फॉन्ट वापरत. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट आपोआप पाठवण्याची तेव्हाची एक रूढ पद्धत केवळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चाले. त्या काळी जपून ठेवलेली कात्रणे, मृत्युलेख वा कुटुंबाविषयीच्या बातम्या आज निरर्थक रोमन अक्षरांत दिसतात. तरी ती नष्ट झालेली नसतात. फाइल उघडून कंट्रोल आणि यू दाबल्यास पानाच्या मूळ संहितेत फॉन्टचे नाव सहसा सापडते. त्यानुसार फॉन्ट परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. परिवर्तनात जोडाक्षरे चुकू शकतात, म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी.

बिघाडाचा बनाव

पडदाभर पसरलेला इशारा, कर्कश आवाज आणि ‘या क्रमांकावर तातडीने संपर्क साधा’ अशी सूचना, हा बिघाड नसून फसवणूक असते. खरा ब्राउझर दूरध्वनी करण्यास सांगत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा आणि पुन्हा उघडताना आधीची पाने परत आणू नयेत. संगणकाचा दूरस्थ ताबा कोणासही देऊ नये. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतक्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

ब्राउझर काढून पुन्हा बसवणे हा उपाय सर्वांत शेवटी, बुकमार्क आणि पासवर्डची प्रत काढून घेतल्यानंतरच करावा. वरील क्रमाने पाहणी केल्यास तेथवर जाण्याची वेळ क्वचितच येते.