मधुमेहाची तीच गोळी प्रत्येकाला सारखी का लागू पडत नाही?

गोळी तीच, डोसही तोच; तरी एकाची साखर आटोक्यात येते, दुसऱ्याची येत नाही. वजन, आहार आणि मूत्रपिंडाच्या कार्याबरोबरच जनुकांमधील फरकही याला कारणीभूत असतात.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्यांचे विघटन यकृतातील सीवायपी२सी९ हे एन्झाइम करते. काहींमध्ये ते जन्मतःच मंद असते. अशा वेळी औषध शरीरात जास्त काळ राहते आणि साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते.

तरुण वयात सुरू होणारा व पिढ्यान् पिढ्या दिसणारा मधुमेह 'मोडी' प्रकारचा असू शकतो. त्यातील एचएनएफ१ए प्रकारात याच गोळ्या कमी डोसमध्येही चांगला परिणाम करतात. काहींचे इन्सुलिनही थांबवता येते. अशा कुटुंबांत जनुकीय तपासणी उपयोगी ठरते. नेहमीच्या टाइप २ मधुमेहात ती सहसा लागत नाही.

घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटल्यास लगेच ३ चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी साखर तपासा आणि डॉक्टरांना कळवा. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडाने काही देऊ नका, तातडीने रुग्णालयात न्या. शेजाऱ्यांना लागू पडलेली गोळी स्वतःहून सुरू करू नका. आपली बंदही करू नका.