राजाश्रय संपला, मग क्लासची फी कोण भरतं?

मंडळी, सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, मिरज तंतुवाद्यांचं गाव आणि औंध म्हणजे संग्रहालय. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण या गावांत कला शिकवायचे पैसे कोण देत होतं, आणि देणारा गेल्यावर शिकवणं कसं चालू राहिलं, हे सहसा कोणी विचारत नाही. या विकांताला त्याचाच हिशेब मांडतो.

आधी थोडा भूगोल. सांगली जिल्हा तसा नवा. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि आजूबाजूची विलीन झालेली संस्थानं एकत्र करून 'दक्षिण सातारा' जिल्हा केला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. त्याआधी हा सगळा ठिगळांचा नकाशा. मधे मधे ब्रिटिश मुलूख, आणि त्यात पटवर्धनांची सांगली आणि मिरज, डफळ्यांचं जत, निंबाळकरांचं फलटण, पंतप्रतिनिधींचं औंध. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात, पण त्याच संस्थानातलं आटपाडी आज सांगलीत. ही संस्थानं बडोदा-ग्वाल्हेरच्या मानाने अगदीच लहान. तरी प्रत्येकाला आपल्या पदरी एखादा बुवा, एखादा चितारी हवा असे. हौस म्हणा, प्रतिष्ठा म्हणा.

राजाश्रय तुटल्यावर काय होतं ते सगळ्यात आधी सांगलीने पाहिलं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' झालं. हे आपल्याला माहीत असतं, कारण दर वर्षी त्या दिवशी रंगभूमी दिन असतो. त्यानंतरचं फारसं कोणी सांगत नाही. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि दरबारची मदत आटली. नटांचा संच तयार, सोंगं तयार, आणि देणारा हात नाही. आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या थेटरात तिकीट लावून खेळ झाले. मराठी नाटकाचा धंदा झाला तो असा, नाइलाजाने. राजा जिवंत असता तर कदाचित ते सांगलीच्या वाड्यातच राहिलं असतं.

पण नाटक तिकिटावर चालतं, शिकवणं कशावर चालणार? त्यासाठी मिरजेला जायला हवं.

कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेला विष्णू दिगंबर पलुसकर हा मुलगा. दत्तजयंतीच्या फटाक्यांनी डोळे अधू झाले, उपचारासाठी मिरजेला आणला. डोळे पुरते सुधारले नाहीत, तेव्हा गाणं शिकवा असा सल्ला मिळाला. मिरजेत तेव्हा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते, ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धनांनी मुलाची सोय लावून दिली. राजाने खर्च उचलायचा, गुरूने आपल्या मर्जीने आणि सवडीने शिकवायचं, शिष्याने पडेल ते काम करायचं. बाळकृष्णबुवा कडक म्हणून प्रसिद्ध होते. आठ-नऊ वर्षं ही तालीम चालली.

१८९६ साली विष्णुबुवांनी मिरज सोडली. का सोडली, याची एक गोष्ट सांगतात. एका समारंभाचं आमंत्रण त्यांना आलं, गुरुजींना नाही. का, तर ते काय, 'गवई'! गोष्टीत मीठमसाला असेलही, पण पुढे बुवांनी जन्मभर जे केलं ते या एका शब्दाला दिलेलं उत्तरच वाटतं. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. गवयाने दरबाराबाहेर, तिकीट काढून आलेल्या कुणाहीसमोर गायचं हे त्या काळात अजबच. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. सुरुवातीचे काही दिवस एकही विद्यार्थी आला नाही, तरी बुवा ठरल्या वेळेला तंबोरा जुळवून बसत, असं सांगतात. वेळापत्रक, इयत्ता, छापील पुस्तकं, स्वरलिपी, फी, परीक्षा. आज आपल्या गल्लीतल्या गाण्याच्या क्लासात जे जे दिसतं त्याचा बराचसा ढाचा तिथला आहे.

मात्र नुसत्या फीवर हे चाललं नाही. बुवांना फक्त हौशी विद्यार्थी नको होते, शिक्षक तयार करायचे होते. त्यासाठी उपदेशक वर्ग होता. मुलं वर्षानुवर्षं विद्यालयातच राहणार, जेवणखाण आणि शिक्षण फुकट. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही सगळी बुवांनी घडवलेली माणसं. (विनायकराव मूळचे मिरजेचे, आणि त्यांना लाहोरला धाडताना शिष्यवृत्ती दिली ती मिरज संस्थाननेच. म्हणजे राजाश्रय मागल्या दाराने होताच!) या मुलांच्या जेवणाचा खर्च संध्याकाळी तासभर येणाऱ्यांच्या फीतून निघणार कसा? बुवा गावोगाव जलसे करून पैसे आणत आणि विद्यालयात ओतत. १९०८ साली मुंबईत शाखा काढली, पुढे इमारत उभी केली, ती कर्जावर. शेवटी देणेकऱ्यांनी लिलाव मांडला आणि १९२४ साली मुंबईचं विद्यालय बंद पडलं. २१ ऑगस्ट १९३१ ला बुवा वारले, तेही मिरजेतच.

मला इथे थांबावंसं वाटतं, कारण पलुसकरांची गोष्ट आपण यशोगाथा म्हणून सांगतो. त्यांच्या मुंबईच्या विद्यालयाला लिलावाची दवंडी ऐकावी लागली हे गाळून टाकतो. गाण्याचा क्लास 'स्वतःच्या पायावर' उभा राहावा म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा मांडून बघावा. पलुसकरांसारखा माणूस, रात्रंदिवस जलसे, आणि तरीही ताळेबंद जुळला नाही.

जुळला तो नंतर, आणि वेगळ्या वाटेने. १९३१ सालीच शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. मंडळाने एकच मोठी शाळा चालवण्याच्या फंदात न पडता परीक्षा घेतल्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. शिकवायचं ज्याने त्याने आपापल्या गावात, आपापल्या ओसरीवर, आणि परीक्षेला केंद्रावर यायचं. एकेका विद्यार्थ्याची फी थोडीच, पण विद्यार्थी हजारो, त्यामुळे कुणी एक गेल्याने गाडी अडत नाही. 'परीक्षेचं गाणं' म्हणून जाणकार नाक मुरडतात, आणि त्यात तथ्यही आहे, पाठ केलेल्या ताना लगेच ओळखू येतात. पण विट्याच्या किंवा कोरेगावच्या एखाद्या मुलीला आईवडील गाण्याला धाडतात ते बहुतेक वेळा त्या सर्टिफिकेटाच्या भरवशावर. तिच्यातून गायिका निघाली नाही तरी श्रोता निघतो, आणि गुरुजींचं घर चालतं.

आता औंध. बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक, १९३५ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. संस्थानचं उत्पन्न बेताचं, आणि यमाईच्या डोंगरावर १९३८ साली संग्रहालय बांधलं, ज्यात रविवर्मा आहे, धुरंधर आहेत आणि चक्क हेन्री मूरचं शिल्पसुद्धा! त्यांच्या दरबारी गायक होते अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा. तेही बाळकृष्णबुवांचेच शिष्य. म्हणजे ज्या गुरूच्या घरून पलुसकर निघाले, तिथूनच हेही. अंतुबुवांनी १९४० साली आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ औंधला संगीत उत्सव सुरू केला.

१९४८ च्या मार्चमध्ये संस्थानं विलीन झाली. औंधचं दप्तर गेलं, खजिना गेला, दरबारी गायक हे पदही गेलं. संग्रहालय सरकारकडे आलं आणि टिकलं, कारण भिंतीवरच्या चित्राला रोज रियाज लागत नाही. :) उत्सवाचा मात्र वारस सरकारदरबारी कुणीच नव्हता. तो अंतुबुवांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी यांनी चालवला, पुढे शिष्यांनी आणि शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठानने. दर आश्विनात अजून होतो. गायक इथे बिदागीचा विचार न करता गुरूपुढे हजेरी लावायला येतात, आणि एरवी नामांकित असलेला माणूस इथे शिष्य म्हणून बसतो. हाही एक खर्च भागवण्याचा मार्गच, फक्त त्याची पावती फाडत नाहीत.

मिरजेत असंच काहीसं मीरासाहेब दर्ग्यात दिसतं. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथे आहे. १९३७ साली ते गेले, आणि उरुसात त्यांच्या नावाने गाणं होतं ते आजतागायत. दर्ग्यापासून जवळच सतारमेकरांची गल्ली. एकेकाळी हत्यारं करणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांतली ही मंडळी पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे आणून तंबोरे घडवतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, पेढेबिढे वाटले गेले असतील. पण तंबोरा विकत घेणारा कोण? संस्थानिक तर उरले नाहीत. घेतो तो विशारदच्या परीक्षेला बसलेला विद्यार्थी, किंवा फी साठवून जुना बदलणारे त्याचे गुरुजी. आणि त्यातलेही बरेच जण आता मोबाइलवरचा तंबोरा लावून बसतात.