चित्रातील झुल्फिकार

मोहरमच्या अलमांवर आणि घरातल्या जुन्या तसबिरींत एक तलवार आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. तिचे पाते पुढे जाऊन दुभंगते आणि त्याला दोन टोके फुटतात. ही तलवार कोणाची, असे विचारले तर लहान मूलही चटकन सांगेल : हजरत अली (रजि.) यांची झुल्फिकार. पण ती खरोखरच अशी दुटोकी होती काय, हे विचारायला मोठी माणसेही बिचकतात. श्रद्धेला धक्का लागेल अशी त्यांना भीती वाटते. ही भीती अनाठायी आहे. कारण आपल्याच जुन्या ग्रंथकारांनी या तलवारीचे वर्णन नोंदवून ठेवले आहे.

प्रथम चित्र पाहू. चौदाव्या शतकात मुस्तफा दरीर यांनी तुर्की भाषेत प्रेषितांचे चरित्र लिहिले. ऑटोमन सुलतान तिसरा मुराद याने त्याची सचित्र प्रत करविली. ती १५९५ च्या सुमारास पुरी झाली. 'सियर-ए-नबी' या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत हजरत अलींच्या हाती दोन टोकांची तलवार दिसते. मात्र भोवतालच्या माणसांची पागोटी आणि अंगरखे सोळाव्या शतकातल्या तुर्कस्तानातले आहेत! बद्रची लढाई इ. स. ६२४ ची, म्हणजे चित्रकार साडेनऊशेहून अधिक वर्षांनी चित्र काढीत होता. त्याने आपल्या भोवतालचे जग रंगविले, त्यात त्याचा दोष नाही. पण त्याला साक्षीदार मानता येणार नाही.

मग साक्ष कोणाची घ्यायची? आधी शब्दाचीच घेऊ. कोशकारांच्या मते खरा उच्चार 'जुल्फकार'. 'फकार' म्हणजे पाठीच्या कण्याचे मणके. उर्दूत वाक्याला आपण 'फिकरा' म्हणतो, तो शब्दही याच धातूचा. तेव्हा जुल्फकार म्हणजे 'मणक्यांची'. पात्यावर खाचा किंवा पन्हळी असलेल्या तलवारीला अरब 'मुफक्कर' म्हणत. यात दोन टोकांचा कोठेच संबंध येत नाही.

दुसरी साक्ष प्रत्यक्षदर्शीची आहे आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. भाषापंडित अस्मई हे खलिफा हारून अल्-रशीदच्या दरबारातले. खलिफाच्या कमरेला ही तलवार होती, त्याने ती आपल्याला उपसून पाहू दिली आणि तिच्यावर अठरा 'फकार' दिसले, असे त्यांनी सांगितल्याचे इतिहासकार नोंदवतात. अठरा खाचा मोजणाऱ्या माणसाला दुभंगलेले टोक दिसले नसेल काय? शब्दांची एवढी बारकाईने पारख करणारा माणूस ते सांगायला विसरला नसता.

बद्रच्या लुटीत ही तलवार कुरैशांपैकी मुनब्बिह बिन हज्जाज याच्या घराण्यातून आली आणि प्रेषितांनी ती स्वतःकडे ठेवली, असे परंपरा सांगते. त्या काळची अरबी तलवार सरळ पात्याची असे. नवव्या शतकातले तत्त्वज्ञ अल्-किंदी यांनी तलवारींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला असून येमेनी पात्यांवरील पन्हळींचा उल्लेख त्यात येतो. अशा पन्हळींमुळे पाते हलके होते आणि त्याची ताकद फारशी कमी होत नाही. उलट टोक चिरले तर भोसकताना ते कमकुवत ठरते आणि म्यानही वेगळीच घडवावी लागते. लढवय्या माणूस असली तलवार कशाला बाळगील?

मग चित्रकाराने दोन टोके का काढली? माझ्या मते, कागदावर वीतभर तलवारीवरच्या खाचा दिसत नाहीत. शंभर तलवारींत ही एक ओळखू यावी म्हणून तिला असे रूप द्यावे लागले. ते इतके ठसले की तुर्की आरमाराचा सेनापती खैरुद्दीन बार्बारोसा याच्या निशाणावरही ते आहे.

पुढे गंमत झाली. चित्र पाहून लोहारांनी तशी पाती घडविली! आपल्या हिंदुस्थानातही अशी दुटोकी पाती झाली. त्यांवर अलींच्या स्तुतीची अक्षरे सापडतात. आता संग्रहालयात असे पाते पाहणाऱ्याला वाटते, चित्र खरेच होते. पण चित्र आधीचे आहे आणि लोखंड नंतरचे. मराठ्यांच्या इतिहासात १६९८ मध्ये जिंजी घेणारा झुल्फिकारखान भेटतो, त्याच्या किताबातली तलवार हीच.