महाडचा पाया घालणारा कार्यकर्ता : कॉ. आर. बी. मोरे

विश्वभूषण, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि हजारो वर्षे मुक्या असलेल्या समाजाने आपण माणूस असल्याचे जगाला सांगितले. ही गोष्ट आपल्या विहारात रविवारी येणारे लहान पोरसुद्धा धडाधडा सांगते. चांगलीच गोष्ट आहे. पण त्या पोराला जर विचारले की, बाबासाहेबांना महाडला बोलावले कोणी, परिषदेचा निरोप गावोगाव नेला कोणी, तर पोर गप्प बसते. आणि खरे सांगायचे तर त्याचे आईबापही गप्प बसतात.

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही एका अशा कार्यकर्त्याविषयी लिहीत आहोत. त्यांचे नाव रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे कॉम्रेड आर. बी. मोरे. स्मरणिकेची जुळवाजुळव चालू असताना काही मंडळींनी विचारले, मोरे पुढे लाल बावट्याखाली गेले, मग विहाराच्या स्मरणिकेत त्यांचे काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याला बगल द्यायची नाही. त्याचे उत्तर या लेखात पुढे येईलच. आधी माणूस कसा घडला ते पाहू.

मुलूख पलटणीतल्या माणसांचा

मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजी महाडजवळच्या लाडवली गावचा. घर दासगावचे. दासगाव म्हणजे सावित्री नदीच्या खाडीवरचे जुने बंदर. तेव्हाचा हा कुलाबा जिल्हा, आता रायगड. या मुलखातून महार माणूस इंग्रजांच्या पलटणीत मोठ्या संख्येने गेला. पलटणीत त्याला लिहायला-वाचायला मिळाले, बूट-पट्टा मिळाला, ताठ मानेने चालायची सवय लागली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले आणि धर्ममार्तंडांना जाहीर प्रश्न विचारले. १८९० नंतर सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पेन्शनीत निघालेली माणसे गावी आली, तेव्हा गावाने त्यांना पुन्हा महारवाड्याची वाट दाखवली. पण एकदा ताठ झालेली मान अशी सहजासहजी खाली जात नाही. मोरे या हवेत वाढले.

त्यांची पहिली लढाई वयाच्या ११ व्या वर्षी झाली. स्कॉलरशिपची परीक्षा पास होऊन पोरगा महाडच्या इंग्रजी शाळेत नाव घालायला गेला. जात आडवी आली, प्रवेश नाकारला. दुसरा कोणी रडत घरी गेला असता आणि गुरे वळायला लागला असता. या पोराने वर्तमानपत्राला पत्र धाडले. सरकारी ग्रँट घेणारी शाळा अस्पृश्याच्या मुलाला दाराबाहेर ठेवते, हे छापून आल्यावर शाळेला त्याला घ्यावे लागले. बसायला जागा मात्र इतर मुलांपासून वेगळी.

बंधू-भगिनींनो, ११ वर्षांच्या पोराला दोन गोष्टी कळल्या होत्या. अन्याय तोंडी सांगून भागत नाही, तो कागदावर आणावा लागतो. आणि अन्याय करणाऱ्याची पैशाची नाडी कुठे आहे ते शोधावे लागते. पुढे मोरे यांनी जे जे केले, ते या दोन गोष्टींतून निघाले असे आम्हाला वाटते.

चहाच्या दुकानातली चळवळ

गरिबीने शिक्षण पुरे होऊ दिले नाही. मुंबई-पुण्याला जाऊन पोटासाठी मिळेल ते काम करावे लागले. कोकणातल्या आपल्या लोकांचा रस्ताच तो होता. बोटीने मुंबई गाठायची, कामाठीपुरा नाहीतर परळ-नायगावच्या चाळीत गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायची, गोदीत, गिरणीत, म्युनिसिपालिटीत काम बघायचे. त्या खोल्यांतून गावाची खबरबात यायची, जायची. मुंबईचा कामगार आणि गावचा माणूस यांना जोडणारा हा दोरा पुढे महाडला फार कामाला आला.

महाड ही मोठी बाजारपेठ. आसपासच्या गावांतून आपले लोक लाकूडफाटा, गवत डोक्यावर घेऊन बाजाराला येत. उन्हातान्हात मैलोगणती चालून आलेल्या या माणसाला बाजारात घोटभर पाणी मिळायची मारामार. गावातले चवदार तळे भरलेले, पण त्याला बंद. इतर धर्मांचे लोक त्यावर पाणी भरत, गुरेढोरे पीत, पण हिंदू म्हणवणाऱ्या महार-चांभाराला तेथे पाय ठेवायला बंदी. अशा वेळी मोरे आणि त्यांच्या सोबत्यांच्या खटपटीने महाडला अस्पृश्यांसाठी चहाचे दुकान निघाले.

दिसायला साधी गोष्ट. पण बाजाराला आलेल्या माणसाला बूड टेकायला हक्काची जागा झाली. तेथे पाणी मिळाले, चहा मिळाला, आणि चहाबरोबर बोलणे सुरू झाले. कोणाची जमीन खोताने दाबली, कोणाला वेठीला धरले, कोणाच्या पोराला शाळेतून हाकलले, हे सगळे तेथे निघू लागले. मोरे लोकांचे अर्ज लिहून देत, कोणाकडे दाद मागायची ते सांगत. वेगवेगळ्या गावांची माणसे एकमेकांना ओळखू लागली. माझे दुःख ते माझ्या एकट्याचे नाही, हे एकदा माणसाला कळले की संघटनेचे निम्मे काम झाले.

ठरावाचा कागद आणि तळ्याचे पाणी

याच सुमारास रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी ठराव मंजूर करून घेतला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा सरकारी देखरेखीखालची पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने आपल्या खात्यांना तसे हुकूम दिले. महाड म्युनिसिपालिटीनेही जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस हे तेथले पुरोगामी कायस्थ पुढारी, त्यांचा या कामी मोठा वाटा.

कागदावर तळे खुले झाले. पाण्याला मात्र कोणी हात लावला नाही. लावणार कसा? ठराव कपाटात आणि सनातन्यांची काठी रस्त्यावर!

ठराव आणि तळे यांच्यामधली ही वाट चालायची तर लोक पाहिजेत, आणि लोकांना जमवायचे तर विलायतेहून मोठी विद्या घेऊन आलेला आपला माणूस पाहिजे, हे मोरे यांच्या मनाने घेतले. १९२४ च्या सुमारास त्यांनी मुंबईत बाबासाहेबांची भेट घेऊन महाडला परिषद भरवण्याची गळ घातली. त्या वेळी त्यांचे वय अवघे २१. बाबासाहेब लगेच आले नाहीत. त्याच वर्षी २० जुलैला त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली होती, कामाचा डोंगर होता. परिषद भरायला १९२७ साल उजाडले.

मधल्या तीन वर्षांत मोरे आणि मंडळी हात बांधून बसली नाहीत. मुंबईत राहणारे महाडकडचे लोक आणि गावची मंडळी यांची बैठकांवर बैठका झाल्या. संभाजी तुकाराम गायकवाड यांच्यासारखी वडीलधारी माणसे पुढे आली. तेच परिषदेचे स्वागताध्यक्ष झाले. परिषदेआधी दोन महिने कार्यकर्ते वाडीवस्ती तुडवत फिरले. आम्हाला येथे तथागतांच्या भिक्खूंची चारिका आठवते. चारिका म्हणजे पायी चालत माणसाच्या दारापर्यंत जाणे. त्याला दुसरा जवळचा रस्ता नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. पंधरा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत माणसे भाकरी बांधून शंभर-शंभर मैलांवरून आली. परिषदेसाठी पाणी लागले ते स्पृश्यांकडून ४० रुपये मोजून विकत घ्यावे लागले. भरलेले तळे जवळ असताना! दुसऱ्या दिवशी अनंत विनायक चित्रे यांनी म्युनिसिपालिटीचा ठराव अंमलात आणण्याची सूचना मांडली आणि बाबासाहेबांच्या मागे सारी परिषद रांगेने तळ्यावर गेली.

पुढचे सर्वांना माहीत आहे. वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य घुसणार अशी अफवा उठवून गुंडांनी जेवत असलेल्या आपल्या माणसांवर हल्ला केला, वीसेक जण जबर जखमी झाले. १०८ घागरी शेण-गोमूत्र-दूध-दह्याने तळे 'शुद्ध' केले गेले. म्युनिसिपालिटीने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषद ठरली. मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकल्यामुळे बाबासाहेब आणि मंडळी 'पद्मावती' बोटीने निघाली आणि २५ डिसेंबरला उतरली ती मोरे यांच्या दासगावच्या बंदरावर. तेथून पाच मैल पायी महाड. मंडपाला जागा कोणी देईना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. त्याच रात्री बापूसाहेब सहस्रबुद्धे यांच्या ठरावाने मनुस्मृतीचे दहन झाले. कोर्टाची मनाई आली म्हणून तळ्यावरचा सत्याग्रह बाबासाहेबांनी थांबवला आणि लढाई कोर्टात नेली. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला १७ मार्च १९३७ ला. ओंजळीतल्या पाण्याला कायद्याने मान्यता मिळायला दहा वर्षांना फक्त तीन दिवस कमी लागले!

लाल आणि निळा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मोरे १९३० साली कम्युनिस्ट पक्षात गेले. का गेले असतील? गिरणगावात राहिलेल्या माणसाला ते समजायला जड नाही. गिरणीत अस्पृश्याला त्रासणखात्यात काम मिळे, पण जास्त पगाराच्या साचेखात्यात त्याला मज्जाव होता. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे, महाराच्या तोंडचा धोटा इतर कामगारांना विटाळ! म्हणजे पोटाचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एकाच धोट्यात अडकलेले. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी हा मज्जाव उठवण्याची मागणी बाबासाहेबांनी लावून धरली. १९२९ च्या संपात तर बाबासाहेब आणि कम्युनिस्ट पुढारी समोरासमोर उभे होते, हेही लपवायचे कारण नाही.

मोरे यांनी या दोन तीरांवर आयुष्यभर पाय ठेवले. पक्षात राहून त्यांनी पक्षालाच लेखी टिपणे दिली की, अस्पृश्यतेचा आणि जातीचा प्रश्न तुम्ही नीट हाती घ्या. संपाच्या धामधुमीत तो आपोआप सुटेल असे समजू नका. त्यांच्या आठवणी मृत्यूनंतर पुस्तकरूपाने निघाल्या आहेत, त्यांत बाबासाहेबांविषयीचा आदर जागोजागी दिसतो. १९६५ साली त्यांनी 'जीवनमार्ग' साप्ताहिक सुरू केले. ११ मे १९७२ रोजी ते वारले. आणि दोन झेंडे एकत्र आल्यावर काय होते तेही इतिहासात आहे. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलहाच्या काळ्या बिलाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला.

मोरे यांची वाट सर्वांना पटावी असे आमचे म्हणणे नाही. आम्ही बाबासाहेबांच्या धम्माच्या वाटेने आलो आणि त्याच वाटेवर आहोत. पण ज्याने महाडला बाबासाहेबांसाठी जमीन नांगरून ठेवली, त्याचे नाव झेंड्याचा रंग बघून गाळायचे, हे बुद्धाच्या अनुयायांना शोभणारे नाही. चित्रे, टिपणीस, सहस्रबुद्धे, फत्तेखान यांची जात-धर्म न बघता आपण नावे घेतो. मग आपल्याच मोरे यांचे का नाही?

आपल्यासाठी धडा

आज आपल्या वस्तीतली पोरे शिकली, नोकरीला लागली. पण एखादा प्रश्न आला की सगळे वाट बघतात, वरून कोणी पुढारी येईल आणि हाक देईल. मोरे यांचा इतिहास उलटा आहे. आधी गावची माणसे जागी झाली, मग बाबासाहेब आले. पुढारी पाऊस असतो असे समजा, पण नांगरट आपली आपल्यालाच करावी लागते.

गिरण्या गेल्या. चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. पुनर्विकासाच्या कागदावर आपल्या विहाराला जागा किती, वाचनालयाला किती, भाडेकरूला कोणते हक्क, हे वाचायला आपल्यातले किती जण जातात? म्युनिसिपालिटीचा ठराव होऊनही तळे तीन वर्षे बंद राहिले, हे विसरू नका. तोंडी आश्वासनावर विसंबणाऱ्याच्या हाती शेवटी घागरही लागत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विहार हे बुद्धवंदनेचे ठिकाण आहेच, ते महाडच्या त्या चहाच्या दुकानासारखेही व्हावे. आठवड्यातून एक संध्याकाळ शिकलेल्या दोन पोरापोरींनी टेबल मांडून बसावे. म्हाताऱ्या माणसाचा पेन्शनचा अर्ज, विधवा बाईचे रेशनकार्ड, पोराची स्कॉलरशिप, जातीचा दाखला, एवढी कामे करावीत. येणाऱ्याची जात, धर्म, झेंडा विचारू नये. पाणी मात्र आधी विचारावे. यातूनच उद्याचा कार्यकर्ता घडेल. टेबल आणि दोन खुर्च्या विहारात आहेत, बसायला माणसे पाहिजेत. ज्यांची तयारी असेल त्यांनी आपली नावे कमिटीकडे द्यावीत.

जयभीम! जय बुद्ध!