रक्तात असतं, पण उघडतं कुठं?

आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य नेहमी ऐकू येतं : "याच्या रक्तातच अभ्यास नाही." मीही ते पूर्वी बोललो आहे. या बोलण्यात किती तथ्य आहे ते पाहावं म्हणून विज्ञानाचा इतिहास चाळला, तर तिथं खरोखरच रक्ताची गोष्ट निघाली. फक्त ते रक्त माणसाचं नव्हतं, पक्ष्यांचं होतं.

माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, पक्ष्यांच्या रक्तपेशीत असतं. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्त कोसेल यांनी हंसाच्या रक्तपेशींमधून एक प्रथिन वेगळं केलं आणि त्याला 'हिस्टोन' नाव दिलं. त्याच्या काही वर्षं आधी वाल्टर फ्लेमिंग यांनी केंद्रकातल्या रंग धरणाऱ्या द्रव्याला 'क्रोमॅटिन' म्हटलं होतं. डीएनए आणि हिस्टोन मिळूनच हे क्रोमॅटिन बनतं.

आपल्या एका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो. तो ज्या केंद्रकात मावतो, ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतं. एवढा धागा गुंडाळायला रीळ हवंच. त्यामुळे बराच काळ हिस्टोनकडे बारदान म्हणून पाहिलं गेलं. माल महत्त्वाचा, पोत्याकडे कोण बघतो?

पण एक प्रश्न सुटत नव्हता. मेंदूच्या आणि रक्ताच्या पेशीत डीएनए तोच. मग हिमोग्लोबिन फक्त रक्ताची पेशी का बनवते?

१९६४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट ऑलफ्री आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हिस्टोनवर ॲसिटिल नावाचे छोटे रासायनिक गट चढतात. डीएनएवर ऋण भार असतो, हिस्टोनवर धन भार असतो, म्हणून दोघं घट्ट चिकटतात. ॲसिटिल चढला की हिस्टोनचा तेवढा धन भार जातो आणि पकड सैल होते. जनुक चालू-बंद होण्याशी याचा संबंध असावा, असं ऑलफ्रींनी सुचवलं. पण हे गट चढवतं कोण, ते हाती लागलं नव्हतं. त्यामुळे अनेकांना ही कल्पना पटली नाही.

१९७४ साली रॉजर कॉर्नबर्ग यांनी गुंडाळीची रचना मांडली. आठ हिस्टोनांचं एक रीळ आणि त्याभोवती डीएनएचे वेढे. १९७६ साली हॅरोल्ड वाइनट्रॉब आणि मार्क ग्राउडीन यांनी पुन्हा पक्ष्याचंच रक्त घेतलं, या वेळी कोंबडीच्या गर्भाचं. डीएनए कापणारं एक विकर त्यांनी रक्तपेशींच्या केंद्रकांवर सोडलं. हिमोग्लोबिनसाठी लागणारं ग्लोबिनचं जनुक लगेच कापलं गेलं. अंड्याच्या पांढऱ्या बलकातल्या प्रथिनाचं जनुक त्याच केंद्रकांत असूनही तसं कापलं गेलं नाही. दुसऱ्या प्रकारच्या पेशींत तर ग्लोबिनचं जनुकही सुरक्षित राहिलं. म्हणजे ज्या पेशीत ज्या जनुकाचं काम, तिथंच त्याच्याभोवतीची गुंडाळी सैल.

तरी दुवा जुळायला १९९६ साल उजाडलं. डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेनं टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातल्या एकपेशी जीवातून ॲसिटिल चढवणारं विकर शोधलं. यीस्टमध्ये जनुकं चालू करायला मदत करणारं एक प्रथिन आधीच माहीत होतं. हे विकर त्याचंच भावंड निघालं. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाला ॲसिटिल उतरवणारं विकर सापडलं. तेही जनुकं दाबणाऱ्या प्रथिनाच्या कुळातलं. ऑलफ्रींचा विचार बत्तीस वर्षांनी उभा राहिला, आणि तो पाहायला ते हयात होते.

उर्दू शिकवताना मला हे रोज दिसतं. अलिफ आणि सीन ही दोन अक्षरं लिहा. खाली जेर दिला तर 'इस', म्हणजे जवळचा. वर पेश दिला तर 'उस', म्हणजे लांबचा. अक्षरं तीच, खुणेनं वाचन बदललं. अर्थात पेशीतल्या या खुणा अक्षरांवर नसतात, गुंडाळीच्या रिळावर असतात. त्या कुठं चढवायच्या, हे ठरवायला आणखी प्रथिनं लागतात. शिवाय खुणेमुळे वाचन होतं की वाचनामुळे खूण उमटते, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

म्हणून यातून "मेहनत करा, जनुकं बदलतील" असा निष्कर्ष मी काढणार नाही. अभ्यासाची गोडी एखाद्या जनुकात बसलेली नसते, आणि कोंबडीचं रक्त मुलाचं प्रगतिपुस्तक लिहीत नाही. पण एवढं नक्की कळलं, की एखादी गोष्ट आत असणं आणि ती वाचली जाणं यात मोठं अंतर आहे. ज्याला आपण नुसतं बारदान समजलो, तेच त्या अंतराचा हिशेब ठेवत होतं.

ते रक्ताचं वाक्य मी आता बोलत नाही. वर्गातलं एखादं पोर मिटलेलं दिसलं, तर आधी विचारतो : याच्याभोवती काय गुंडाळलेलं आहे?