नभोवाणी : धाराशिव जिल्हा

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील रेडिओ प्रसारणाचा इतिहास. यात हैदराबाद संस्थानाचा सरकारी रेडिओ, आकाशवाणीची पुणे, सोलापूर, परभणी आणि छत्रपती संभाजीनगर येथील केंद्रे आणि शेवटी जिल्ह्याच्या गावी उभे राहिलेले आकाशवाणीचे स्थानिक केंद्र, असे सगळे टप्पे येतात. या जिल्ह्याने रेडिओ ऐकायला बऱ्याच आधी सुरुवात केली, पण स्वतःचा आवाज त्याला फार उशिरा मिळाला. आधी हैदराबादचा शब्द इथल्या खेड्यांवर उतरत असे, नंतर पुण्याचा.

मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये पहिले प्रसारण केले. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली. १ एप्रिल १९३० पासून सरकारने हा कारभार हाती घेतला आणि ८ जून १९३६ रोजी त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. या सगळ्याशी धाराशिवचा संबंध नव्हता, कारण हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नव्हता. तो निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाचा रेडिओ वेगळा होता.

हैदराबादमध्ये तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला महबूब अली यांनी खासगी हौसेने एक लहान केंद्र चालवले होते. निजाम सरकारने १९३५ मध्ये ते ताब्यात घेतले. ‘नश्रगाह-ए-लासिलकी’ आणि ‘दख्खन रेडिओ’ या नावांनी ते ओळखले जाऊ लागले. मुख्य भाषा उर्दू होती. तेलुगू, मराठी आणि कन्नड या प्रजेच्या भाषांना नंतर थोडा वेळ मिळाला. मराठवाड्यासाठी औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) एक छोटे केंद्रही काढण्यात आले. मात्र रेडिओ संच ही तेव्हा कचेरीची, वकिलाची किंवा सधन व्यापाऱ्याची वस्तू होती. खेड्यात वीज नव्हती, संच चालवायला मोठ्या बॅटऱ्या लागत आणि त्या संपल्या की शहर गाठावे लागे. बातमी आधी तालुक्याच्या गावी ऐकली जाई आणि तोंडोतोंडी खाली झिरपे.

१९४७-४८ च्या वर्षात मात्र रेडिओला धार आली. एकीकडे दिल्ली आणि मुंबईचे ‘ऑल इंडिया रेडिओ’, दुसरीकडे हैदराबादचा सरकारी रेडिओ, आणि मधोमध हा सरहद्दीवरचा जिल्हा. सोलापूर भारतात, तुळजापूर निजामाकडे. निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. स्वतंत्र लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीपलीकडच्या छावण्यांतून लढत होते. कोणते केंद्र लावले आहे, यावरून घराची निष्ठा ओळखली जावी असे ते दिवस होते. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा सोलापूरकडून निघाल्या आणि नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल त्यांनी शाबूत हस्तगत केला. चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला, निजामाने युद्धबंदीची घोषणा केली ती हैदराबादच्या रेडिओवरूनच. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून आज जी तारीख पाळली जाते, तिची बातमी राज्यभर प्रथम अशी रेडिओवाटे पसरली. जिल्ह्याच्या प्रसारण-इतिहासात याहून मोठी घटना नाही.

हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे १९५० मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’त विलीन झाली. म्हैसूर, त्रिवेंद्रम आणि बडोदे या संस्थानी केंद्रांचेही तेच झाले. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ अशी सहाच केंद्रे आली होती आणि देशाच्या जेमतेम ११ टक्के लोकसंख्येपर्यंत त्यांचा आवाज पोहोचत होता. मराठी मुलखात १६ जुलै १९४८ रोजी नागपूर आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. औरंगाबादचे जुने केंद्र मात्र पन्नाशीच्या दशकात बंद पडले. मराठवाड्यासाठी मराठवाड्यातून बोलणारे जे एकच ठिकाण होते, तेही काही वर्षे गेले. याची हळहळ पुण्या-मुंबईत कुणाला वाटल्याचे दिसत नाही.

पुण्याने दिले ते मोलाचे होते, हेही तितकेच खरे. १ एप्रिल १९५५ पासून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ त्याच केंद्रावरून वर्षभर प्रसारित झाले. ५६ गीतांच्या या मालिकेने मराठी घराघरांत रेडिओला देवघराशेजारी जागा मिळवून दिली. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात अनेक वर्षे होते. शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलावे, त्याला पुस्तकी उपदेश करू नये, ही समज त्या विभागाने मराठी रेडिओला दिली.

त्याच पुण्यातून १९५६ मध्ये एक प्रयोग झाला. युनेस्कोच्या मदतीने मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत १५० गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचे एक श्रोतामंडळ, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, त्यावर गावात चर्चा आणि त्या चर्चेतून निघालेले प्रश्न परत केंद्राकडे, अशी रचना होती. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे तिचे सूत्र. जगभरच्या प्रसारण-अभ्यासकांनी या प्रयोगाची दखल घेतली आणि १९५९ पासून तो देशभर नेण्यात आला. प्रयोग फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये झाला आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे शेतकऱ्याने रेडिओला उलट प्रश्न विचारण्याचा हा पहिला मोठा उपक्रम मराठीत झाला, तेव्हा मराठवाड्याचे पाचही जिल्हे राज्याच्या सीमेबाहेर होते.

पुढे ग्रामपंचायतींना सार्वजनिक संच मिळाले. चावडीवर किंवा पंचायतीच्या ओट्यावर कर्णा लावला जाई आणि संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम गाव मिळून ऐके. बॅटरी संपणे हे या योजनेचे कायमचे दुखणे होते. साठीच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि चित्र पालटले. संच खांद्याला अडकवून माणूस रानात जाऊ लागला. टपाल कार्यालयात वर्षाकाठी परवान्याचे पैसे भरावे लागत आणि परवान्याचे ते पुस्तक घरात जपून ठेवले जाई. ही पद्धत ऐंशीच्या दशकात बंद झाली. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या, साडेआठला दिल्लीहून राष्ट्रीय बातमीपत्र, दुपारी ‘विविध भारती’ची गाणी: जिल्ह्यातल्या दोन पिढ्यांचा दिवस या वेळापत्रकावर चालला. वृत्तनिवेदिका सुधा नरवणे यांचा आवाज कानी पडला की शाळेची तयारी सुरू, असे सांगणारी माणसे आजही गावोगाव भेटतात. ‘विविध भारती’ ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली होती. त्याआधी सिनेसंगीतासाठी श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले होते आणि अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ उस्मानाबादेतही तितक्याच आवडीने ऐकली जाई.

दरम्यान मराठवाड्यात परभणी केंद्र उभे राहिले. त्याचा १३०५ किलोहर्ट्झवरचा २० किलोवॅटचा मध्यमलहरी प्रक्षेपक विभागभर ऐकू येई. परभणीला १९७२ पासून मराठवाडा कृषी विद्यापीठ असल्यामुळे कोरडवाहू शेतीचे जाणकार केंद्राला हाकेच्या अंतरावर मिळत. तूर, ज्वारी, करडई, पावसाचा खंड, जनावरांचे आजार हे विषय तिथून सुटसुटीत मराठवाडी बोलीत मांडले गेले आणि धाराशिवच्या शेतकऱ्याला ते पुण्याच्या ऊसबागायतीच्या सल्ल्यांपेक्षा जवळचे वाटले. सत्तरीच्या दशकात औरंगाबाद केंद्र पुन्हा सुरू झाले आणि मराठवाड्याच्या प्रादेशिक बातम्या तिथून येऊ लागल्या. सोलापूर केंद्र १६०२ किलोहर्ट्झवर, डायलच्या अगदी उजव्या टोकाला लागे. त्याची ताकद एकच किलोवॅट होती. तरी तुळजापूर, नळदुर्ग, परंडा या पट्ट्याला तेच खरे शेजारचे केंद्र वाटे, कारण बाजार, दवाखाना आणि रेल्वे यांसाठी ही माणसे सोलापूरलाच जात.

जिल्ह्याला स्वतःचे केंद्र मिळाले ते स्थानिक नभोवाणीच्या योजनेतून. ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूत नागरकोविल येथे या पद्धतीचे पहिले केंद्र सुरू झाले आणि सातव्या पंचवार्षिक योजनेत तिला वेग आला. एक जिल्हा, एक केंद्र, एफ. एम. प्रक्षेपक, लहानसा स्टुडिओ, मोजके कर्मचारी, आणि कार्यक्रम शक्यतो गावात जाऊन केलेले, असा तिचा आराखडा होता. महाराष्ट्रात अहमदनगर, बीड, नांदेड, सातारा, धुळे, यवतमाळ, चंद्रपूर यांच्यासोबत उस्मानाबादचाही या योजनेत समावेश झाला. प्रथमच भूम-कळंबची बोली, तेरच्या गोरोबाकाकांचे अभंग म्हणणारी भजनी मंडळे, तुळजापूरच्या आराधी आणि गोंधळी गायकांचे संबळ-तुणतुणे यांना दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या केंद्राची मेहेरबानी लागेनाशी झाली. नैमित्तिक उद्घोषक म्हणून स्थानिक तरुण-तरुणी माइकसमोर आले. अशा केंद्राचे खरे भांडवल तेच असतात. त्यांचे मानधन आणि नोकरीची शाश्वती हा प्रश्न मात्र देशभरच्या केंद्रांवर वर्षानुवर्षे भिजत पडला आहे.

एफ. एम.मुळे आवाज स्वच्छ झाला, पण पल्ला आखडला. मध्यमलहरी जमिनीला धरून दूरवर जातात आणि रात्री तर शेकडो किलोमीटर ओलांडतात. एफ. एम.च्या लहरी साधारण दृष्टीच्या रेषेत सरळ जातात, डोंगर आडवा आला की थांबतात. धाराशिव बालाघाटच्या पठारावर आहे. वाशी, भूम, कळंब भागांत टेकड्या आणि खोरी, परंडा खाली सीनेच्या खोऱ्यात, आणि उमरगा रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास. ७,५१२ चौरस किलोमीटरच्या, आठ तालुक्यांच्या या लांबट जिल्ह्याला एका मनोऱ्यावरून सारख्या आवाजात गाठणे अवघड आहे. कर्नाटकाच्या सीमेवरील उमरगा-लोहारा भागात तर कलबुर्गीचे कन्नड केंद्रही कानावर येते, आणि तिथल्या दुभाषी माणसाला त्याचे वावडे नाही.

याच उमरगा-लोहारा भागावर ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आभाळ कोसळले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. किल्लारीचा भूकंप म्हणून तो ओळखला जातो, पण लातूरच्या किल्लारीइतकाच तो उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूरचाही होता. दगड-मातीची धाब्याची घरे अंगावर पडून सुमारे दहा हजार माणसे गेली. अशा वेळी वीज आणि दूरध्वनीच्या तारा आधी तुटतात, आणि दोन सेलवर चालणारा संच तेवढा बोलत राहतो. मोबाईल तेव्हा नव्हता. आपत्तीच्या काळात जिल्ह्याला आपल्या भाषेत, आपल्या रस्त्यांची आणि गावांची नावे घेऊन बोलणारे केंद्र का लागते, हे समजण्यासाठी धाराशिवला कुठल्याही समितीच्या अहवालाची गरज नाही.

२३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसारभारती स्थापन होऊन आकाशवाणी तिच्याकडे गेली. त्यानंतरच्या काळात लहान केंद्रांवर दोन गोष्टी एकदम घडल्या. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि सहक्षेपण वाढले, म्हणजे मुंबईचा किंवा दिल्लीचा कार्यक्रम जसाच्या तसा स्थानिक मनोऱ्यावरून सोडण्याचे प्रमाण वाढले. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला होता. श्रोत्यांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या विरोधानंतर तो स्थगित झाला. पुण्यासारख्या केंद्राची ही गत, तर जिल्हा केंद्रांची कोण दाद घेणार? सहक्षेपणात काटकसर आहे, पण त्यात कळंबच्या बाजारातला सोयाबीनचा भाव नाही, की मांजरा धरणाच्या पाण्याची खबर नाही. २००२ नंतर सामुदायिक रेडिओला परवानगी मिळाली. बारामतीत कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ आणि म्हसवडमध्ये माणदेशी फाउंडेशनची ‘माणदेशी तरंग’ ही केंद्रे गावच्या माणसांनी चालवून दाखवली. त्यांचे यश पाहता, स्थानिक रेडिओचे दिवस संपले हे म्हणणे टिकत नाही. खासगी एफ. एम. वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. त्यामुळे जिल्ह्याचे वृत्त रेडिओवर देण्याचे काम आजही आकाशवाणीकडेच येते.

२०२३ हे वर्ष नामांतरांचे ठरले. त्या वर्षी शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले, आणि मे महिन्यात प्रसारभारतीने ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे इंग्रजी नाव बाजूला ठेवून सर्वत्र ‘आकाशवाणी’ हेच वापरण्याचा आदेश काढला.

एक काम तातडीचे आहे. आकाशवाणीच्या केंद्रांवर पूर्वी टेपचा तुटवडा असे आणि जुने ध्वनिमुद्रण पुसून त्यावर नवे केले जाई. असे किती आवाज गेले त्याची गणती नाही. मुक्तिसंग्रामात भाग घेतलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. भूकंपातून वाचलेली तेव्हाची तरुण माणसे साठीकडे झुकली आहेत, आणि जुन्या चालीची आराधी गीते पाठ असलेल्या म्हाताऱ्या दरवर्षी कमी होत आहेत. त्यांचे आवाज स्थानिक केंद्राने आताच मुद्रित करावेत, असलेल्या ध्वनिफितींची यादी करून त्यांचे डिजिटल जतन करावे आणि ती यादी अभ्यासकांना खुली करावी. ज्या घरांत जुन्या कॅसेटवर उतरवून घेतलेले रेडिओ कार्यक्रम, श्रोतामंडळाच्या नोंदवह्या किंवा परवान्याची पुस्तके पडून असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा केंद्राकडे सोपवावीत.