खोट्या चिठ्ठीने हरवलेला रानपिंगळा

काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अ‍ॅलन ह्यूम आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतात. हेच ह्यूमसाहेब पक्ष्यांचे मोठे जाणकार होते. १८७३ साली त्यांनी एका लहानशा घुबडाची शास्त्राला ओळख करून दिली. तोच हा रानपिंगळा. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने शहादा-तळोदे भागात तो टिपला. १८८४ नंतर मात्र तो कुणाला दिसला नाही. जगातल्या संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने उरले होते.

पक्षी गेला कुठे? सलीम अलींसारख्यांनीही त्याचा शोध घेतला, पण तो मिळाला नाही. त्या सातांपैकी एका नमुन्यावर १९१४ साल आणि गुजरातेतील मांडवी असे लिहिलेले होते. तो कर्नल माइनर्ट्झहागेन या नामांकित पक्षीतज्ज्ञाचा. नाव मोठे, त्यामुळे चिठ्ठीवर शंका कोण घेणार?

अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी ती घेतली. त्यांनी नमुना बारकाईने तपासला, तेव्हा उघड झाले की तो मुळात डेव्हिडसनचाच! चोरलेल्या नमुन्याला नवे टाके घालून त्यावर खोटी चिठ्ठी बांधली होती. मग ती चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट खऱ्या ठिकाणांच्या शोधात निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या सातपुड्यात, दिवसाउजेडी, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

डेव्हिडसनच्या काळी पक्षी पाहिल्याचा पुरावा म्हणजे बंदुकीने पाडलेला पक्षी. या वेळी पुरावा कॅमेऱ्याने दिला. छायाचित्रे जगभर गेली आणि पिंगळा आपल्या फांदीवरच राहिला.

त्या वेळी शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे पक्षी आधी सापडला, जिल्हा नंतर! पुढे तोरणमाळच्या रानात त्याचा अभ्यास झाला. मेळघाट, यावल, तानसा इथेही तो आढळला. तरी तो आजही संकटग्रस्त आहे. घरट्यासाठी त्याला जुन्या झाडांतल्या ढोली लागतात. जुनी झाडे तुटत गेली, तर ढोली कुठून येणार? त्यात घुबडाविषयीच्या अंधश्रद्धेची भर.

आपल्याकडे पहाटे दारी येणारा पिंगळा भविष्य सांगतो, असे म्हणतात. या पिंगळ्याचे भविष्य मात्र सातपुड्यातली जुनी झाडे राखण्यावर आहे.